दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं मशीन

अकोला,
६ मे २०२६

जवाईबापू, माह्यी नात खुशी तुमच्या विद्यापीठातल्या कम्प्युटर-भांडाराच्या काचेपुढं दोन घंटे उभी राहिली अन् हात हलवत घरी आली. पाणी कोणी विचारलं नाही ते सोडा, पण मशीन काहून देत नाही हेही कोणी सांगतलं नाही. काचेच्या आतून तुमी तिले पाह्यलं अन् मान खाली घातली, असं पोट्टी सांगते. गीतांजली आत्याचा नवरा हाय म्हून ती तुमच्याच खिडकीवर गेली होती. दुसऱ्या खिडकीवर गेली असती तं निदान अनोळखी माणसानं हाकललं असतं.

आता रामराम घ्या. पहिलं गाऱ्हाणं लिवलं, कारण नुसता रामराम वाचला का तुमी कागद घडी करून ठेवता. फोन मी करत नाही. फोनवर तुमी "हो आत्याबाई, पाहतो आत्याबाई" म्हणता अन् मंग पाहत काहीच नाही. मी तिसरीपर्यंतच शिकली, पण कागद सरकारी माणसाले बोचते एवढं मले तेवढ्यात समजलं. हा कागद फुलाच्या गाडीवर देऊन राहिली, सकाळी अमरावतीच्या बाजारात उतरंन. पाकळ्या लागल्या असतीन तं झटकून घ्या.

मशीन कायले पायजे ते सांगते, म्हणजे "मले माहीत नव्हतं" म्हणाची सोय राहणार नाही. खुशीजवळ जुना कम्प्युटर हाय. तो दहा फोटो दाखवते अन् बसते, दम लागलेल्या बैलावाणी. तिले संत्र्याच्या पानाचे चाळीस हजार फोटो मशीनले दाखवून शिकवायचं हाय, कोणत्या पानावर रोग हाय अन् कोणत्यावर नुसती धूळ. मले तं दोन पानं पाहून सांगता येते, पण मले कोणी पदवी देत नाही. तिचे सर म्हणतात, विद्यापीठाचा तो प्रोग्राम तुमच्या भांडारातून घेतलेल्या नव्या वर्कस्टेशनवरच टाकून भेटते, बाहेरच्या मशीनवर नाही. ३१ जुलैले काम देल्लं नाही तं तिचं वर्ष गेलं. रजिस्ट्रेशन पण गेलं.

मी चाळीस वर्ष फुलं विकून राहिली. गिऱ्हाइकाले कधी इचारलं नाही का बाई, हार कोणत्या देवाले, त्या देवाचं ओळखपत्र दाखव. हार मागतला, हार देल्ला. अन् तुमच्याकडं म्हणे खोके छतापर्यंत लागले हाय. ते काय पूजेले ठेवले?

काहून देत नाही ते लिवून पाठवा.

चतुराबाई


संगणक भांडार, अमरावती
जावक क्र. ११४
दिनांक ११ मे २०२६

विषय : नवीन वर्कस्टेशनची वैयक्तिक विक्री.

तीर्थरूप आत्याबाई यांना साष्टांग नमस्कार. आपण लेखी विचारल्यामुळे लेखी कळवणे भाग आहे.

भांडारात येणारी नवीन वर्कस्टेशन प्रथम विभागांना दिली जातात. विभागांची मागणी भागल्यावर जी उरतात ती व्यक्तींना विकता येतात. व्यक्ती म्हणजे पटावरचा विद्यार्थी किंवा सेवेतील कर्मचारी. पालक, आजी-आजोबा, शेजारी यांना या धोरणात व्यक्ती धरलेले नाही. खरेदीदाराने स्वतः हजर राहावे, ओळखपत्र दाखवावे, विभागप्रमुखांचे पत्र द्यावे आणि मशीन फक्त स्वतःच्या अभ्यासासाठी वापरीन असे लिहून द्यावे. ते दुसऱ्याला विकता, देता किंवा भाड्याने लावता येत नाही. एका व्यक्तीला तीन वर्षांत एकच. हे नियम मी केलेले नाहीत, मी फक्त पाळतो.

आता जे चारचौघांत सांगणे मला बरे वाटले नाही ते इथे लिहितो. आमच्या वहीप्रमाणे चि. खुशीने तिच्या वाट्याचे मशीन आधीच घेतलेले आहे. म्हणून दुसरे देता येत नाही. पहिले कुठे गेले, हे तिलाच विचारावे. विद्यार्थ्याने सवलतीचे मशीन बाहेर दिल्याचे आढळले तर त्याचे नाव कारवाईसाठी वर पाठवावे लागते. मी पाठवलेले नाही. नात्याचा मान ठेवला, एवढे आपण समजून घ्यावे.

मी ३० जूनला निवृत्त होत आहे. तीस वर्षांच्या सेवेत माझ्या नावावर एक शेरा नाही. शेवटच्या दिवसांत घरच्याच माणसांनी वाद वाढवू नये, ही विनंती.

आपला,
वामनराव


अकोला,
१५ मे २०२६

जवाईबापू, रामराम.

तुमचा कागद मी दोनदा वाचला. एकदा मनात अन् एकदा खुशीपुढं मोठ्यानं. ती मोगऱ्याच्या कळ्या ओवून राहिली होती. "पहिलं मशीन कुठं गेलं" हे वाचलं अन् तिची सुई थांबली. मले म्हणे, "आजी, मी घेतलं असतं तं तिथं दोन घंटे उभी काहून राहिली असती?" एवढी अक्कल बावीस वर्षाच्या पोट्टीले हाय. तीस वर्ष शेरा न लागलेल्या माणसाले नाही.

तिनं घेतलं नाही. मी तिले खोदून खोदून इचारलं, तुमच्यापेक्षा कडक. खोटं बोलली का तिचे कान लाल होतात, लहानपणापासून. या वेळेस कान पांढरे होते, अन् भेव होतं तिच्या तोंडावर. कारवाईचं भेव. ते भेव तुमी घातलं. रजिस्ट्रेशन गेलं तं परत भेटते एखाद्याले, पण चोरी केली असं नाव लागलं का त्या पोट्टीले कोणता सर जवळ उभं करंन?

मी व्यक्ती नाही हे वाचून बरं वाटलं. तुमच्या लग्नात मांडवाची फुलं मी लावली, माह्या भाचीची, गीतांजलीची, माय नव्हती म्हून पाय तुमचे मी धुतले. तवा व्यक्ती होती का नव्हती ते तुमच्या धोरणात पाहून सांगा. सवडीनं सांगा, घाई नाही.

घाई याची हाय. मशीन कोणत्या तारखेले गेलं? कोणी उचललं? ते काय खिशात मावते का, दोन माणसाले उचलाले लागते म्हणते खुशी. कशात घालून नेलं? माह्या दुकानातून कोणी उधारीचा एक गजरा नेला तं दोन वर्षानं मी त्याचं तोंड सांगते. तुमी तं वही लिवता, शिक्के मारता.

नात्याचा मान ठेवला म्हणता. मान ठेवू नका, तारीख सांगा.

चतुराबाई


संगणक भांडार, अमरावती
जावक क्र. १२१
दिनांक १९ मे २०२६

ती. आत्याबाईंना सा. न.

आपला सूर मला लागला, पण आपण वडीलधाऱ्या आहात. नोंद अशी : दिनांक १ ऑक्टोबर २०२५, दुपारी साडेबारा. खरेदीदार स्वतः हजर. ओळखपत्र मूळ पाहिले. विभागप्रमुखांचे पत्र जोडले आहे, ते खुशीने अर्जासोबत आधीच दिलेले होते. खरेदीदाराची सही आहे. माझीही सही आहे. याहून जास्त नोंद ठेवण्याची पद्धत नाही. मूळ ओळखपत्र कुणी रस्त्यावर टाकत नाही, याचा आपणच विचार करावा.

माझ्या मते हा विषय इथे संपला. खुशीने गप्प राहावे, मीही गप्प राहीन, तिच्या नावाला काही होणार नाही. मशीनसाठी तिने पुढच्या खेपेपर्यंत थांबावे.

ता. क. अधिक महिना लागला आहे. गीतांजली विचारत होती, यंदा धोंड्याचं अकोल्याचं बोलावणं कोणत्या तारखेचं. मागच्या अधिकात आपण केलेले अनारसे अजून इथे सगळ्यांच्या आठवणीत आहेत.

वामनराव


अकोला,
२२ मे २०२६

जवाईबापू, कारवाईची धमकी वर अन् अनारशाची मागणी खाली, एकाच कागदावर. तुमच्या जिभेचं मले नवल वाटते. रामराम.

१ ऑक्टोबर. तुमी तारीख लिवली अन् तुमच्या हातातून लिवल्या गेली, इचार केला असता तं दुसरी लिवली असती. तुमी फुलवाल्याच्या घरचे जवाई, तीस वर्षापासून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात काय होते हे तुमाले नाही माहीत? त्या दिवशी आमच्या घरचं माणूस गाव सोडत नाही. मेलेलं मढं असलं तरी दुपारपर्यंत थांबवावं लागते, असं माह्यी सासू म्हणे. पहाटपासून वावरात झेंडू तोडणं, मंग टोपले भरून बाजारात, मंग दिवसभर हार. खुशी होस्टेलवरून दोन दिवस आधी आली होती. साडेबारा वाजता ती टिळक रोडवर माह्या बाजूले बसून तोरणं बांधून राहिली होती. उभ्या बाजारानं पाह्यलं. तिचे बोटं आठ दिवस पिवळे होते. तुमच्या वहीवर पिवळा डाग हाय का पाहून घ्या. नसला तं "स्वतः हजर" कोण होतं ते तुमाले माहीत हाय, तिथं तुमची सही हाय.

इथपर्यंत लिवलं अन् पेन ठेवला. कारण "मूळ ओळखपत्र" हे वाचून मले माह्यं एक येडेपण आठवलं. मी घरातले सगळे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवते, खुशी आली का तिचं कार्डही त्यातच. मागच्या वर्षी, दसऱ्याच्या दोन दिवस आधी, तुमचा पोरगा जीवन गाडी घेऊन आला होता. दरसाल येते, तुमच्या घरच्या तोरणाचा झेंडू नेते. टोपलं भरून देल्लं. जाता जाता म्हणे, "आजी, बाबानं खुशीचं कार्ड मागतलं हाय, ऑफिसात लागते." खुशी वावरात होती. मी पेटी उघडली, कार्ड काढलं अन् झेंडूवर ठेवून देल्लं.

कायले लागते, हे मी इचारलं नाही. जवायाच्या घरून मागणं आलं, तं आमच्यात काहून म्हणून इचारत नाही. देते अन् पदर सावरते. गीतांजलीच्या लग्नापासून मी असंच देऊन राहिली, पलंग देल्ला, भांडे देल्ले, कार्ड पण देल्लं. दसऱ्याले सोनं द्याले आला तवा जीवननं ते परत आणून देल्लं, मी पेटीत टाकलं, खुशीले सांगतलंही नाही.

म्हणजे चोरी तुमच्या घरात झाली अन् कुलूप मी उघडून देल्लं. मले भल्ली हुशारी होती गिऱ्हाइकाचे तोंड ओळखाची. घरच्याचं ओळखलं नाही.

मशीन कुठं हाय? या वेळेस जावक क्रमांक टाकला नाही तरी चालंन.

चतुराबाई


अमरावती,
२७ मे २०२६

प्रिय आत्या,
सा. न.

तुझं पत्र त्यांनी वाचलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे, तुझ्या फुलाच्या गाडीवाल्याला बाजारात जाऊन हातात दिलं.

मशीन जीवनच्या स्टुडिओत आहे. लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम तो त्यावर करतो. बाहेर तसं मशीन लवकर मिळत नव्हतं, सीझन तोंडावर होता, त्यानं यांच्यामागे लकडा लावला. खुशीचा अर्ज तेव्हा भांडारात पडूनच होता. खुशीच्या नावाची सही जीवननंच केली, पैसेही त्यानंच भरले, फुकट काही घेतलं नाही.

पण आत्या, एक खरं सांगू का. जीवन कार्ड घेऊन आला तेव्हा आम्हाला वाटलं तू समजून-उमजून दिलंस. तो म्हणाला, आजीनं एक शब्द विचारला नाही, पेटी उघडली आणि दिलं. हे म्हणाले, सासरवाडीनं आहेर केला समजा, खुशीला एवढ्यात नको असेल, आणि असंही आत्याबाई कधी नाही म्हणत नाहीत. मीही तसंच धरलं. आमच्याकडून कुणी तुला विचारलं नाही आणि तू आम्हाला विचारलं नाहीस. मग ती बिचारी खिडकीवर येऊन उभी राहिली आणि हे घाबरले. घाबरले म्हणून तसलं पत्र लिहिलं. ते वाईट नाहीत.

आता तीस जून जवळ आहे. वहीत गडबड निघाली तर पेन्शन अडकेल, आयुष्यभराचं नाव जाईल. महिनाभर थांब. निवृत्त झाले की जीवन मशीन गुपचूप खुशीला देईल, वापरलेलं असलं तरी चांगलं आहे. तू मला आईच्या जागी आहेस. जवायाची अब्रू तुझ्या हातात आहे.

तुझी,
गीतांजली


अकोला,
३१ मे २०२६

जवाईबापू, रामराम.

गीतांजलीचं पत्र मले भेटलं. तिच्यावर डोळे काढू नका. त्या घरात खरं लिवणारं तेवढंच एक माणूस हाय, तेही चोरून लिवते.

तुमच्या घरी माह्या गप्प राहण्याले आहेर समजतात हे मले सत्तराव्या वर्षी समजलं. चूक माह्यी पण हाय, ती मी खुशीले सांगतली, तिच्या तोंडावर. कार्ड मी देल्लं, असं सांगतलं. पोट्टी रडली नाही. म्हणे, "आजी, तू इचारायचं तं होतं." आजवर मले असं कोणी बोललं नाही. बोलली ते बरोबर बोलली. म्हून आता जे इचारायचं ते इचारते अन् जे सांगायचं ते सांगते.

जीवनचं वापरलेलं मशीन खुशीले नको. गुपचूप तं बिलकूल नको. सर इचारतीन कुठून आणलं, तं ती काय सांगंन? तुमचेच नियम म्हणतात, देता येत नाही, घेता येत नाही. मले पहिले ते नियम म्हणजे बिनकामी माणसाची करमणूक वाटली होती. आता वाटते, नियम बरे होते. पाळणारा बरा नव्हता.

जून महिन्याच्या पाच तारखेच्या आत ते मशीन भांडारात परत गेलं पायजे. जीवननं आपल्या हातानं उचलून न्यावं, त्याच दारानं. अन् त्या वहीत, १ ऑक्टोबरच्या खाली, तुमच्याच हातानं लिवायचं, का खुशी त्या दिवशी हजर नव्हती, मशीन तिनं घेतलं नाही, कार्ड तिच्या आजीनं तिले न इचारता देल्लं होतं. माह्यं नाव टाका, चतुराबाई, पत्ता टाका. मी भीत नाही. व्यक्ती नाही ना मी, मले कोणती कारवाई लागते. मंग खुशी खिडकीवर येईन, कार्ड दाखवंन, तिच्या वाट्याचं नवं मशीन घेऊन जाईन. छतापर्यंत खोके हाय, एक खाली काढाले जड नाही.

पेन्शनचं गीतांजलीनं लिवलं. ते मी समजते. तुमी स्वतःहून लिवलं तं तुमच्या साहेबाले सांगाले तुमच्याजवळ काहीतरी राहीन. मी लिवलं तं काहीच राहणार नाही. तुमचे दोन कागद माह्याजवळ हाय, जावक क्रमांक एकशे चौदा अन् एकशे एकवीस, शिक्का तुमचा, सही तुमची. पत्र्याच्या पेटीत हाय, अन् किल्ली आता खुशीजवळ राहते. तीस वर्षात एक शेरा नाही म्हणता. आता एक होईन. तुमच्या वहीतली एक तरी ओळ खरी राहीन.

धोंड्याचं बोलावणं. ७ जून, रविवार. तेहतीस अनारसे केले हाय, चांदीचा दिवा आणला, धोतरजोडी आणली. जवाई हाय, तुमचं जे असते ते तुमाले भेटंन, त्यात मी कमी करणार नाही. पण पाट मांडाच्या आधी खुशी तुमच्यापुढं बिल ठेवंन, तिच्या नावचं, नव्या तारखेचं. बिल दिसलं तं धोंडे वाढीन. नाही दिसलं तं अनारसे बांधून ठेवीन अन् सोमवारी तुमच्या काचेपुढं टोपलं घेऊन बसीन. फुलं विकाले तुमच्या परवानगीचं काम नाही, रस्ता महापालिकेचा हाय. कोणी इचारलं का बाई इथं काहून बसली, तं मी सांगीन. मले सांगाले लाज नाही वाटत, चाळीस वर्ष ओरडून विकलं हाय.

या कागदाचं उत्तर तुमी लिवू नका, तुमचं लिवणं मी पाह्यलं. गीतांजलीनंही लिवू नये, तिनं लिवलं तेवढं पुरे. उत्तर जीवननं लिवावं. मले नाही, खुशीले. अन् पहिल्याच ओळीत मशीन कुठं हाय ते लिवावं.

चतुराबाई